लाइट गेली तरी मीटिंग चालू: कोकणातून व्हिडिओवर काम करणाऱ्यांसाठी

कुडाळहून मुंबईतल्या एका तासाच्या मीटिंगसाठी पूर्वी दोन रात्री रेल्वेत जायच्या. रात्री कोकणकन्या, सकाळी मुंबई, दिवसभर काम आणि रात्री पुन्हा परतीची गाडी. आता तेच बोलणं पडवीत बसून चाळीस मिनिटांत होतं. भाडं वाचलं हा त्यातला लहान भाग. मोठा बदल असा, की महिन्यातून एकदा भेटणारा पुण्या-मुंबईचा माणूस आता आठवड्यातून दोनदा समोर येतो आणि लगेच उत्तर मागतो. गाडी चुकली तर लोक समजून घ्यायचे. ‘रेंज गेली’ हे मात्र तिसऱ्यांदा ऐकलं की समोरचा दुसरा पुरवठादार, दुसरा सल्लागार शोधायला लागतो.

म्हणून कोकणातून व्हिडिओवर धंदा-व्यवसाय करायचा तर काहीतरी बिघडणार हे धरूनच तयारी करावी. महत्त्वाचा क्रम असा: आधी आवाज, मग कागद, शेवटी चित्र. चित्र गोठलं तरी मीटिंग चालते. आवाज तुटला तर ती तिथेच संपते, आणि ठरलेलं लिहून ठेवलं नसेल तर ती झाली काय नि न झाली काय. खरेदी मात्र बहुतेक जण उलटी करतात. आधी महागडा कॅमेरा आणि गोल दिवा येतो, आणि इअरफोन पाच वर्षांपूर्वीचाच राहतो.

लाइन नेमकी किती लागते

इंटरनेटवाला ‘५० एमबीपीएस’ सांगतो तेव्हा तो बहुधा येणाऱ्या डेटाबद्दल बोलत असतो. कॉलला तितकंच महत्त्व जाणाऱ्या डेटाचं, कारण तुमचा चेहरा आणि आवाज त्याच वाटेने जातात. चांगल्या एचडी कॉलला दोन्ही दिशांनी साधारण १.२ एमबीपीएस पुरतात, नुसत्या आवाजाला १०० केबीपीएसच्या आसपास. एचडी कॉलचा डेटा तासाला साधारण १ जीबी होतो. कॅमेरा बंद ठेवला आणि समोरचाही व्हिडिओ नसला तर शंभर एमबीच्या आत भागतं. मोबाइलच्या रोजच्या दीड-दोन जीबीवर काम करणाऱ्याने हा हिशोब पाठ करावा.

खरी अडचण वेगापेक्षा लहरीपणाची असते. यूट्यूबवरचा व्हिडिओ पुढचा भाग आधीच साठवून ठेवतो, त्यामुळे लाइन दोन सेकंद अडखळली तरी कळत नाही. जिवंत बोलण्यात साठवायला काही नसतंच. आवाज डेटाच्या छोट्या पाकिटांतून येतो, उशिरा पोचलेलं पाकीट टाकून द्यावं लागतं आणि ‘उद्या माल पाठवतो’ यातला ‘पाठवतो’ गळतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या जी.११४ या शिफारशीप्रमाणे एका दिशेचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असेल तर संभाषण नैसर्गिक वाटतं. त्यापुढे दोघं एकाच वेळी बोलायला लागतात, दोघंही थांबतात, आणि ‘तुम्ही बोला, तुम्ही बोला’ सुरू होतं.

तपासणी अशी करा. ज्या वेळी मीटिंग असते त्याच वेळी, तीन वेगवेगळ्या दिवशी स्पीड टेस्ट घ्या. जाणारा वेग, पिंग (डेटा जाऊन यायला लागणारा वेळ) आणि जिटर (त्या वेळेतला चढउतार) हे तीन आकडे लिहून ठेवा. मग लॅपटॉप केबलने थेट राउटरला जोडून पुन्हा मोजा. आकडे सुधारले तर दोष घरातल्या वाय-फायचा. तसेच राहिले तर दोष लाइनचा, आणि तक्रार करताना तुमच्या हातात पुरावा असतो.

मोबाइलवर काम चालत असेल तर सिग्नलच्या दांड्यांवर विश्वास ठेवू नका. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये ‘फोनबद्दल’ या भागात सिमची स्थिती उघडली की डीबीएममध्ये, म्हणजे सिग्नलच्या ताकदीच्या मापात, आकडा दिसतो. ४जीला उणे ९०च्या आसपास असेल तर उत्तम, उणे ११०च्या खाली गेला तर कॉल तुटणार. दरीतल्या वाडीत ओटी आणि माडी यांच्यातच पंधरा-वीसचा फरक पडू शकतो. फोन हातात धरून घरभर फिरा, चांगली जागा सापडली की तिथेच टेबल मांडा. हॉटस्पॉटऐवजी फोन यूएसबी केबलने लॅपटॉपला जोडलात तर वाय-फायचा एक दुवा कमी होतो आणि फोन चार्जही होत राहतो.

एक स्थानिक गोष्ट नकाशात दिसत नाही. मे महिन्यात आणि गणपतीत चाकरमानी गावी आले की त्याच टॉवरवर कितीतरी जास्त फोन चालतात. एप्रिलमध्ये घेतलेली चाचणी भाद्रपदात खोटी ठरते. त्या आठवड्यांत महत्त्वाची मीटिंग सकाळी नऊच्या आधी उरकून घ्या.

दुसरी लाइन ठेवायची तर ती खरोखर दुसरी असावी. दोन कंपन्यांची दोन सिम घेतली तरी दोघांचे अँटेना एकाच मनोऱ्यावर असू शकतात. फायबर आणि मोबाइल ही जोडी त्यापेक्षा भरवशाची.

जांभा, कौलं, पत्रे

चिऱ्याची भिंत नऊ इंचांपासून पुढे जाड असते, त्यात जांभा सच्छिद्र. पावसाळ्यात तो पाणी पितो आणि पाणी रेडिओ लहरी शोषून घेतं. त्यामुळे मार्चमध्ये माजघरात नीट मिळणारं वाय-फाय जुलैत गायब होतं आणि लोक राउटरला दोष देतात. २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा भिंतीतून थोडा तरी पार होतो. ५ गिगाहर्ट्‌झचा वेगवान असला तरी दुसऱ्या भिंतीपाशी बहुधा थकतो. उपाय साधा आहे: कॅट ६ केबल ओढून कामाच्या खोलीत आणा. १०० मीटरपर्यंत ती चालते, म्हणजे मागच्या गोठ्याचं ऑफिस केलं असेल तरी पोचते. ते जमत नसेल तर निदान राउटर टीव्हीच्या कपाटातून बाहेर काढून उंच ठेवा.

फायबरची बारीक वायर कोपऱ्यात मुरडून खिळा मारू नका. तीन सेंटीमीटरपेक्षा लहान वळण दिलं की आतला प्रकाश बाहेर झिरपतो. ही वायर घरात ज्या डब्याला जोडलेली असते त्यावरचा ‘एलओएस’ दिवा लाल झाला तर प्रकाश पोचत नाही, म्हणजे वायर कुठेतरी तुटली किंवा दुमडली आहे. राउटर दहादा बंद-चालू करून काही होणार नाही. फांदी पडली असेल, रस्त्याचं खोदकाम झालं असेल, नाहीतर माकडांनी झोका घेतला असेल. थेट तक्रार नोंदवा आणि मोबाइलवर वळा.

वीज

लाइट गेल्यावर लॅपटॉप बॅटरीवर चालतो, पण फायबरचा डबा आणि राउटर मरतात. दोन्ही बहुतेक १२ व्होल्टवर चालतात, म्हणून त्यांच्यासाठी वेगळा मिनी यूपीएस घ्या. त्यावर ‘८८०० एमएएच’ लिहिलं असेल तर ते आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचं माप असतं, म्हणजे साधारण ३२ वॅट-तास. दोन्ही उपकरणं मिळून १२ वॅट खेचत असतील तर वजावट धरून दोन-सव्वादोन तास मिळतील. घेण्यापूर्वी अॅडॉप्टरवर तीन गोष्टी वाचा: व्होल्ट, अँपिअर आणि पिनची धन-ऋण बाजू. ९ व्होल्टच्या राउटरला १२ व्होल्ट लावले तर तो जळू शकतो.

घरात इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागचं बटण बघा. अनेक इन्व्हर्टरना ‘यूपीएस’ आणि ‘नॉर्मल’ असे दोन प्रकार असतात. नॉर्मलवर वीज बदलायला क्षणभर जास्त लागतो. पंख्याला ते कळत नाही, पण राउटर बंद पडून पुन्हा उठतो आणि लाइन परत यायला दोन-तीन मिनिटं जातात. ‘इन्व्हर्टर असून कॉल कटतो’ या गाऱ्हाण्यामागे बऱ्याचदा हे एक बटण असतं.

हे सगळं तासा-दोन तासांच्या खंडापुरतं. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आलं, तेव्हा रायगड आणि उत्तर रत्नागिरीत कित्येक दिवस वीज नव्हती. अशा वेळी मोबाइलच्या मनोऱ्यांच्या बॅटऱ्याही संपतात. वादळाचा इशारा आला की त्या आठवड्याच्या मीटिंगा आधीच पुढे ढकला आणि कागदपत्रं समोरच्याकडे पोचवून ठेवा.

आवाज

पत्र्यावर पाऊस कोसळायला लागला की शेजारी बसलेल्याचंही ऐकू येत नाही, मग वाशीच्या व्यापाऱ्याला काय ऐकू जाणार? लॅपटॉपचा माइक अख्खी खोली ऐकतो. साध्या वायरच्या इअरफोनचा माइक तोंडाच्या कोपऱ्यापासून चार बोटांवर धरला तर तुमचा आवाज पावसापेक्षा कितीतरी पटीने मोठा पोचतो. फक्त तो कॉलरला घासता कामा नये. ब्लूटूथचा इअरफोन गाण्यांना छान असतो, पण माइक चालू झाला की अनेक इअरफोन हँड्स-फ्री पद्धतीवर जातात आणि आवाजाचा दर्जा उतरतो. महत्त्वाच्या कॉलला वायरच बरी.

झूममध्ये ध्वनीच्या सेटिंगमध्ये मागचा गोंगाट दाबण्याची सोय आहे, गूगल मीट आणि टीम्सच्या काही प्रकारांतही ती मिळते. पावसासारखा एकसुरी आवाज ती बऱ्यापैकी खाते. पण ‘जास्त’वर ठेवली तर तुमचे शब्दही अधूनमधून खाते. मध्यम ठेवा आणि सहकाऱ्याला दोन मिनिटं ऐकवून बघा. खोली पत्र्याखाली असेल तर आतून छत लावण्याचा खर्च कॅमेऱ्यापेक्षा आधी करावा, असं आमचं स्पष्ट मत. टाइल्स आणि उघड्या भिंतींच्या खोलीत आवाज घुमतो. तिथे खाली सतरंजी आणि समोरच्या भिंतीवर जाड पडदा किंवा गोधडी पुरते.

आणखी एक सवय मोडावी लागते. आपण ऐकताना ‘हं… हो… बरोबर’ करत राहतो. समोरासमोर तो आदर असतो. स्पीकरवरच्या कॉलमध्ये मात्र प्रत्येक ‘हं’ला यंत्र समोरच्याचा आवाज दाबतं आणि त्याचं वाक्य मधूनच कापलं जातं. मान हलवा, माइक बंद ठेवा.

प्रकाशाचं थोडक्यात: खिडकी तोंडासमोर हवी, पाठीमागे नको. पडवीत बसताना पाठ खळ्याकडे केली की तोंडाचा काळा ठिपका होतो. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर येईल इतकी पुस्तकं लॅपटॉपखाली ठेवा. एवढं पुरे.

मीटिंग चालवणं

आधल्या दिवशी विषय आणि कागद पाठवा. पीडीएफला पानांचे आकडे असू द्या. पडदा दाखवता आला नाही तर ‘पान ४, दुसरा तक्ता’ म्हणून फोनवरसुद्धा बोलणं पुढे नेता येतं. निमंत्रणातच एक ओळ घाला: ‘लाइन तुटली तर पाच मिनिटांत फोनवर कॉन्फरन्स कॉल, तोही न जमल्यास आजच संध्याकाळी सहाला.’ ही ओळ नसली की सगळे एकमेकांना फोन लावत बसतात आणि सगळेच बिझी लागतात.

झूमच्या मोफत खात्यावर ४० मिनिटं मिळतात, गूगल मीटच्या मोफत खात्यावर तीन किंवा जास्त माणसं असतील तर ६० मिनिटं. ही मर्यादा शाप समजू नये. चाळीस मिनिटांत तीन विषय बसतात, सहा बसत नाहीत. चार-पाचांपेक्षा जास्त माणसं असतील तर कामं वाटून घ्या. एक जण मीटिंग चालवेल आणि नाव घेऊन बोलायला सांगेल, एक जण नोंदी करेल, तिसरा दार सांभाळेल, म्हणजे वेटिंग रूममधून ओळखीच्यांनाच आत घेईल. नाव घेऊन विचारणं फार कामाचं. ‘कोणाला काही बोलायचंय का?’ या प्रश्नाला व्हिडिओवर शांतताच मिळते. प्रश्न विचारल्यावर तीन सेकंद थांबा. त्यातला थोडा वेळ लाइनचाच असतो. हे केलं की ‘ऐकाक येता मां?’मध्ये जाणारी पहिली पाच मिनिटंही वाचतात.

पडदा दाखवताना पूर्ण स्क्रीन न देता फक्त हवी ती खिडकी द्या, नाहीतर घरच्या ग्रुपवरचे मेसेज गिऱ्हाईक वाचतं. एक्सेल दीडपट मोठं करा, कारण समोरचा बहुधा फोनवर बघत असतो. लाइन दुबळी वाटली की पडदा ठेवा आणि स्वतःचा कॅमेरा बंद करा. स्थिर पान चेहऱ्यापेक्षा खूप कमी डेटा घेतं.

सगळ्यात अवघड प्रकार म्हणजे अर्धे कार्यालयात, अर्धे पडद्यावर. टेबलाभोवतीचे आठ जण एकमेकांशी बोलतात आणि पडद्यावरचा रत्नागिरीचा माणूस पाहुण्यासारखा गप्प बसतो. लॅपटॉपचा माइक जेमतेम एक मीटरपर्यंत नीट ऐकतो. टेबलाच्या मध्ये यूएसबीचा कॉन्फरन्स स्पीकर ठेवा. एकाच खोलीत दोन लॅपटॉपचे माइक आणि स्पीकर चालू ठेवलेत तर शिट्टी वाजणारच, एकाचाच आवाज चालू असू द्या. आणि प्रत्येक विषयावर पहिलं मत पडद्यावरच्या माणसाचं घ्या.

माल आणि साइट दाखवणं

इथे व्हिडिओचा खरा उपयोग आहे, आणि फसगतही. आंबा दाखवायचा तर पिवळ्या बल्बखाली नको, त्या उजेडात कच्चं फळही पिकलेलं दिसतं. सावलीत, दिवसा, शेजारी पांढरा कागद ठेवून दाखवा, म्हणजे कॅमेरा रंग बरा ओळखतो. फळ वजनकाट्यावर ठेवून आकडा फ्रेममध्ये घ्या. पेटीचा वरचा थर सगळेच दाखवतात, तुम्ही खालचा दाखवा. साका, म्हणजे आतला गर खराब होण्याचा दोष, बाहेरून ओळखता येत नाही, व्हिडिओवर तर नाहीच. म्हणून समोरच्याने निवडलेली तीन-चार फळं कापून दाखवायची पद्धत पाडा आणि साक्याची जबाबदारी कोणाची, ते दराबरोबरच ठरवा.

दापोलीतल्या बांधकामाची साइट पुण्याच्या मालकाला दाखवताना फोन आडवा धरा, मागचा कॅमेरा वापरा आणि चालता चालता बोलू नका. कमी वेगाच्या लाइनवर हलतं चित्र धूसर होतं. प्रत्येक ठिकाणी पाच सेकंद थांबलात की तडे, ओल, सळईचं अंतर दिसायला लागतं. टेप फ्रेममध्ये धरा. तपशिलासाठी कॉलवर भरवसा नको, फोटो काढून व्हॉट्सअॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, म्हणजे दर्जा उतरत नाही. पायाचं काँक्रीट, वॉटरप्रूफिंग आणि सीमेची मोजणी या तीन गोष्टींना मात्र माणूस जागेवर हवा. व्हिडिओने त्या उरकू नयेत.

ठरलं काय?

आपल्याकडे ‘बघूया’ हा शब्द हो आणि नाही या दोन्हींसाठी चालतो. समोर बसलेल्याचा ‘बघूया’ चहाच्या घोटाबरोबर कळतो. पडद्यावर तो कळत नाही. मुंबईचा माणूस होकार समजून मोकळा होतो. म्हणून प्रत्येक विषय संपताना चालवणाऱ्याने मोठ्याने विचारावं: हे कोण करणार, नेमकं काय, कोणत्या तारखेपर्यंत? नोंद घेणाऱ्याने ती ओळ तिथल्या तिथे चॅटमध्ये टाकावी. मीटिंगनंतर तासाभरात तोच मजकूर सगळ्यांना पाठवा आणि ‘उद्या दुपारपर्यंत दुरुस्ती कळवा’ असं लिहा. रेकॉर्डिंग करायचं असेल तर सुरुवातीलाच सांगून संमती घ्या. पण रेकॉर्डिंग म्हणजे नोंद नव्हे, तासाभराची फाइल पुन्हा कोणी बघत नाही.

कंपनी म्हणून नोंदणी असेल तर नियम ठरलेले आहेत. कंपनी कायदा, २०१३च्या कलम १७३(२) प्रमाणे संचालक व्हिडिओवरून सभेला हजर राहू शकतात. २०१४च्या नियमांत सुरुवातीला हजेरी घ्यावी लागते: प्रत्येकाने आपलं नाव, कुठून बोलतो आहे, विषयपत्रिका मिळाली का आणि सोबत दुसरं कोणी ऐकत नाही ना, हे सांगायचं. इतिवृत्ताचा मसुदा सभेनंतर पंधरा दिवसांत पाठवायचा, संचालकांनी सात दिवसांत दुरुस्ती कळवायची. बागायतदारांच्या गटाला किंवा भागीदारी फर्मला हे बंधन नाही, पण हजेरीची ही पद्धत त्यांनीही उचलावी. पुढचे वाद निम्मे होतात.

फसवणूक

अनोळखी व्हिडिओ कॉलवर गणवेशातला माणूस ‘तुम्ही डिजिटल अटकेत आहात, कॅमेरा बंद करू नका’ म्हणाला तर फोन ठेवा. डिजिटल अटक असा प्रकार भारतीय कायद्यात नाही. पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० वर कळवा, जितका उशीर तितकी रक्कम अडवणं कठीण. व्यवसायात दुसरा सापळा म्हणजे नेहमीच्या व्यापाऱ्याच्या नावाने आलेला कॉल आणि ‘खातं बदललंय’ हा निरोप. पडद्यावर चेहरा दिसला तरी, जुन्या नंबरवर स्वतः फोन लावून खात्री होईपर्यंत रक्कम सोडू नका. मीटिंगची कायमस्वरूपी एकच लिंक सगळ्यांना वाटू नका, प्रत्येक सभेला नवी काढा आणि पासकोड ठेवा.

मृग लागण्यापूर्वी

मे अखेरीस एक सकाळ काढा. मिनी यूपीएस पूर्ण चार्ज करून वीज बंद करा आणि किती वेळ टिकतो ते घड्याळ लावून बघा. दीड तासाच्या खाली आला असेल तर सेल थकलेत. फायबरची वायर घरात शिरते तिथे ती आधी खाली झुकून मग वर यावी, म्हणजे पाणी त्या वळणावरून ठिबकतं आणि आत येत नाही. खाऱ्या हवेत यूएसबीच्या पिना गंजतात आणि दमटपणात कॅमेऱ्याच्या भिंगावर बुरशी येते. न वापरायची उपकरणं सिलिका जेलच्या पुड्या घालून हवाबंद डब्यात ठेवा. गडगडाट सुरू झाला की फायबरच्या डब्याचे आणि राउटरचे अॅडॉप्टर भिंतीतून काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. काचेच्या तंतूतून वीज येत नाही, पण विजेच्या जोडणीतून येते, आणि बाहेरून ओढलेल्या वायरला आधाराची लोखंडी तार असेल तर तिच्यातूनही. मीटिंग चालू असेल तर मोबाइलवर सरका.